पन्नासावी वही

‘अधिक घ्याल तर स्वस्त पडेल’ हे वाक्य बाजारात कधीच ऐकले नाही असा मनुष्य आपल्याकडे सापडणे कठीण. मासळीचे वांटे मांडून बसलेली बाई दोन वांटे घेणाऱ्याला तिसरा थोड्या कमी पैशांत देते. नारळवाला एका नारळाचा भाव वेगळा सांगतो, शेकड्याचा वेगळा. कापडाच्या दुकानात सबंध तागा घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी मालक स्वतः उठून बोलतो. या सर्व व्यवहारांत किती मालावर किती सूट द्यावयाची, याचा निर्णय विकणारा त्या त्या क्षणी करीत असतो. गिऱ्हाईक रोजचे आहे की वाटसरू, सकाळ आहे की बाजार उठावयाची वेळ झाली आहे, माल उद्यापर्यंत टिकेल की नाही, हे सारे त्याच्या मनातल्या तराजूत पडते आणि मग तोंडातून भाव बाहेर येतो.

हाच निर्णय यंत्राकडे सोपवावयाचा झाला म्हणजे काय घडते, ते या लेखात पाहावयाचे आहे. विषय दिसावयास रुक्ष आहे खरा. परंतु ज्या विद्यार्थ्याला शेकडेवारीचे गणित येते त्याला तो पुरता कळेल, आणि ज्यांच्या घरात दुकान आहे त्या वडीलधाऱ्यांना त्यातील निम्मी दुखणी ओळखीची वाटतील.

घाऊक व्यापारात माल देण्यापूर्वी गिऱ्हाइकाची मागणी लिहून घेतात. कोणता माल, किती नग, कोणत्या दराने आणि केव्हा पाठवावयाचा, हे तीत नमूद असते. तिला ‘सेल्स ऑर्डर’ म्हणतात. आपण मागणीपत्र म्हणू. पूर्वी ते वहीत लिहीत, आता बहुधा संगणकावर लिहितात. बंगळूरच्या कंपनीचे ‘टॅली’, मुंबईत जन्माला आलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ आणि बेल्जमहून आलेले ‘ओडू’ ही या कामाची काही प्रसिद्ध सॉफ्टवेअरे होत. मागणीपत्र आणि बिल यांत मात्र गल्लत करू नये. मागणीपत्र हा शब्द दिल्याचा कागद, तर बिल हा शब्द पाळल्याचा. समजा, एका शाळेने १०० वह्या मागितल्या. गोदामात ६० च असल्यामुळे ६० आज गेल्या आणि उरलेल्या ४० पुढील आठवड्यास गेल्या. दुकानदाराने दोन बिले केली म्हणून शंभराची सूट बुडावी, हे न्यायाचे नाही. यासाठी सूट मागणीपत्रावरील संख्येवर ठरवावी आणि तोच दर दोन्ही बिलांत उतरावा, हे उत्तम.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एका वहीची किंमत ४० रुपये आहे. दुकानदाराने असे टप्पे ठरविले : १ ते ४९ वह्या घेतल्यास प्रत्येकी ४० रुपये; ५० ते ९९ घेतल्यास ३८; १०० ते १९९ घेतल्यास ३६; आणि २०० किंवा अधिक घेतल्यास ३४. म्हणजे शेकडा ५, १० आणि १५ प्रमाणे चढती सूट झाली. हा तक्ता पाहून कोणालाही वाटेल, की यात न समजण्यासारखे काय आहे? संगणकात हे आठ-दहा आकडे भरले, की काम संपले.

तर मग या तक्त्याने ९५ वह्यांचे पैसे काढा. ९५ गुणिले ३८, म्हणजे ३६१० रुपये. आता १०० वह्यांचे काढा. १०० गुणिले ३६, म्हणजे ३६०० रुपये! पाच वह्या अधिक घेणाऱ्याला दहा रुपये कमी द्यावे लागले. ९९ वह्या घेणारा तर ३७६२ रुपये देऊन बसेल. एकच वही आणखी घेतली असती तर त्याचे १६२ रुपये वाचले असते आणि वही फुकट पडली असती. हिशेबात कोठेही चूक नाही. टप्प्याच्या तोंडाशी किंमत डोंगराच्या कड्यावरून पडावी तशी एकदम खाली पडते, एवढेच. असे कडे या तक्त्यात तीन आहेत. पन्नासाच्या अलीकडे ४८ आणि ४९ या संख्या फसव्या आहेत, शंभराच्या अलीकडे ९५ ते ९९, आणि दोनशेच्या अलीकडे १८९ पासून १९९ पर्यंतच्या सर्व अकरा. ही फसवी संख्या कोठे सुरू होते ते काढण्याची रीत सोपी आहे. वरच्या टप्प्याच्या पहिल्या संख्येची एकूण किंमत घ्यावी आणि तिला खालच्या टप्प्याच्या दराने भागावे. ६८०० ला ३६ ने भागले तर १८८ पेक्षा थोडे अधिक येते. म्हणून १८९ पासून पुढे घेणाऱ्याने सरळ २०० घ्याव्यात.

मुरलेला दुकानदार हे गणित पाटीवर न मांडताही जाणतो. ‘सर, सत्त्याण्णव कशाला? शंभरच न्या,’ असे तो आपणहून सांगतो आणि त्या एका वाक्याने वर्षभराचे गिऱ्हाईक जोडतो. यंत्र तसे सांगत नाही. ते ९७ गुणिले ३८ करून ३६८६ रुपये असे निर्विकारपणे छापून देते. ते कागद घरी नेऊन शांतपणे पाहणाऱ्या शिक्षकाला वा पालकाला आपण फसविले गेलो असे वाटते, आणि तसे वाटणे अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. यावर एक साधा उपाय आहे : खालच्या टप्प्यातील कोणत्याही मागणीची एकूण रक्कम वरच्या टप्प्याच्या पहिल्या रकमेपेक्षा अधिक होऊ द्यावयाची नाही. ९५ ते ९९ वह्यांचे ३६०० च घ्यावयाचे. आयकरात अधिभाराच्या सीमेवर असाच कडा उत्पन्न होतो, आणि तेथे ‘मार्जिनल रिलीफ’ या नावाची याच हेतूची सवलत ठेवलेली आहे.

आयकराचा उल्लेख आलाच आहे, तर टप्पे मोजण्याची दुसरी पद्धत त्याच्याच आधाराने समजावून घेता येईल. आयकरात उत्पन्नाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा दर लावतात. उत्पन्न वरच्या टप्प्यात गेले म्हणजे सर्व उत्पन्नावर वाढीव दर बसतो असे नाही. केवळ वरच्या तुकड्यावर बसतो. पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही हे ठाऊक नसते. विजेच्या बिलातील टप्पेही सामान्यतः याच रीतीने मोजतात. तेथे दर चढत जातो आणि आपल्या वह्यांचा उतरत जातो, एवढाच फरक.

या तुकडेवार पद्धतीने १०० वह्यांचा हिशेब कसा होईल? पहिल्या ४९ वह्या ४० रुपयांनी, म्हणजे १९६०. पुढील ५० वह्या ३८ रुपयांनी, म्हणजे १९००. शंभरावी एकटी ३६ रुपयांनी. एकूण ३८९६ रुपये. पहिल्या पद्धतीने हेच ३६०० होते. २०० वह्यांचे या पद्धतीने ७४९४ होतात, पहिल्या पद्धतीने ६८००. तक्ता तोच, आकडे तेच, आणि फरक ६९४ रुपयांचा! तुकडेवार पद्धतीत कडा कोठेच नाही. अधिक वह्या घेणाऱ्याला नेहमी थोडे तरी अधिक पैसे पडतात, आणि कोणतीही संख्या फसवी ठरत नाही. परंतु गिऱ्हाइकाला ती समजावून देणे अवघड जाते. ‘शंभर घेतल्यास ३६ रुपये’ असे वाचून आलेला मनुष्य ३८९६ चे बिल पाहून भांडणारच.

वर सांगितलेल्या तिन्ही सॉफ्टवेअरांची नेहमीची रीत पहिली आहे. मागणीतील संख्या कोणत्या टप्प्यात पडते ते पाहून सर्व नगांना तो एकच दर ती लावतात. ज्या व्यापाऱ्याला तुकडेवार हिशेब हवा असेल त्याने मागणीच्या ओळी वेगवेगळ्या पाडाव्यात किंवा जाणकाराकडून यंत्रात तशी खास सोय करून घ्यावी. म्हणून तक्ता यंत्रात भरण्यापूर्वी, ‘हा दर सर्व वह्यांना की वरच्या वह्यांनाच?’ हा प्रश्न मालकाने स्वतःशी सोडविलेला असावा, आणि त्याचे उत्तर गिऱ्हाइकाला दिलेल्या दरपत्रकावर एका स्वच्छ वाक्यात लिहिलेले असावे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषेचा असल्यामुळे पुढील भागात त्याला विशेष गोडी वाटते. कारण येथे गणिताइतकाच भाषेचा प्रश्न आहे. ‘पन्नासपर्यंत’ म्हणजे पन्नास धरून की सोडून? ‘पन्नासच्या पुढे’ म्हणजे पन्नासापासून की एक्कावन्नापासून? आपण बोलताना हे शब्द सैल वापरतो. कोंकणीतल्या ‘मेरेन’ची गतही तीच. दोन माणसे समोरासमोर असली की विचारून घेता येते. यंत्र विचारीत नाही, म्हणून त्याच्याशी बोलणाऱ्याला शब्द घट्ट करावे लागतात. प्रत्येक सॉफ्टवेअरने ते आपापल्या परीने केले आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येक नियमाला किमान आणि कमाल अशा दोन संख्या देतात. टॅलीच्या दरपत्रकात ‘इतक्यापासून’ आणि ‘इतक्यापेक्षा कमी’ असे दोन रकाने असतात. ओडूमध्ये केवळ किमान संख्या लिहितात. मागणीला जेवढे नियम लागू पडतात त्यांतील सर्वांत मोठ्या किमान संख्येचा नियम ते उचलते.

या तीन मांडण्यांत कोणती बरी? किमान-कमाल लिहिण्याची रीत वाचावयास सर्वांत सोपी, पण तीत भोके पडतात. समजा, वह्यांच्या जागी तांदूळ आहे आणि टप्पे ५० ते ९९ व १०० ते १९९ किलो असे भरले आहेत. एका खाणावळीने साडेनव्याण्णव किलो मागविले. ही संख्या पहिल्या टप्प्यात नाही आणि दुसऱ्यातही नाही. यंत्राला कोणताच नियम सापडला नाही, म्हणून त्याने मूळ पूर्ण दर लावला! नव्व्याण्णव किलो घेणाऱ्याला सूट, शंभर घेणाऱ्याला सूट, आणि मधल्या अर्ध्या किलोवाल्याला काहीच नाही. याच्या उलट, ५० ते १०० आणि १०० ते १९९ असे भरले तर बरोबर शंभराच्या मागणीवर दोन नियम हक्क सांगतात. अशा वेळी दोहोंपैकी कोणाला अग्रक्रम ते ठरवा, असे ईआरपीनेक्स्ट बजावते आणि अडून बसते. मनातल्या मनात एक नियम निवडून पुढे जाण्यापेक्षा हे अडणे पुष्कळ बरे. ‘पासून’ आणि ‘पेक्षा कमी’ या जोडीत भोकही पडत नाही आणि दोन टप्पे एकमेकांवरही चढत नाहीत, मात्र एका टप्प्याचा शेवट तोच दुसऱ्याचा आरंभ ठेवला पाहिजे. माझी पसंती या जोडीला आहे.

मापाच्या एककाचीही अशीच खबरदारी घ्यावी लागते. वह्या अजून डझनाने येतात, पेन्सिली ग्रोसने, म्हणजे बारा डझनांनी वा १४४ नगांनी येतात. टप्प्यात ५० लिहिले ते नग की डझन? भरणाऱ्याच्या मनात नग आणि यंत्राच्या पुस्तकात डझन असेल, तर ६०० वह्या घेतल्यावाचून सूट सुरू होणार नाही.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. संख्या मोजावयाची ती कशाची? एका शाळेने रेघी वह्या ३० आणि कोऱ्या वह्या ३० मागविल्या. एकूण ६० झाल्या. पण मागणीपत्रावर त्या दोन ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ पन्नासाच्या आत आहे. यंत्र ओळ पाहून हिशेब करील तर सूट शून्य. दोन्ही ओळींची बेरीज धरावी अशी इच्छा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. ईआरपीनेक्स्टमध्ये त्यासाठी ‘मिक्स्ड कंडिशन्स’ नावाची एक खूण करावी लागते. आणखी पुढे जाऊन कोणी म्हणेल, आमची शाळा दर महिन्याला ४० वह्या घेते. वर्षाच्या ४८० झाल्या, त्यांची बेरीज का धरू नये?

वर्षाची बेरीज धरण्याचा हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मॉर्टन सॉल्ट ही तेथील मिठाची मोठी कंपनी. तिच्या उत्तम प्रतीच्या मिठाच्या पेटीचे दर चार टप्प्यांचे होते. रेल्वेच्या पूर्ण वाघिणीपेक्षा कमी माल घेणाऱ्यास पेटी १ डॉलर ६० सेंटांस पडे. पूर्ण वाघीण घेणाऱ्यास १ डॉलर ५० सेंटांस. सलग बारा महिन्यांत ५,००० पेट्या घेणाऱ्यास १ डॉलर ४० सेंटांस, आणि बारा महिन्यांत ५०,००० पेट्या घेणाऱ्यास १ डॉलर ३५ सेंटांस. तक्ता उघड होता, सर्वांना सारखा होता. जो ५०,००० पेट्या घेईल त्याला शेवटचा दर मिळेल, मग तो कोणीही असो. परंतु प्रत्यक्षात तेवढ्या पेट्या घेणाऱ्या कंपन्या साऱ्या देशात पाचच निघाल्या, आणि त्या सर्व दुकानांच्या मोठमोठ्या साखळ्या चालविणाऱ्या होत्या. कोपऱ्यावरचा वाणी १ डॉलर ६० सेंटांना मीठ आणणार आणि त्याच रस्त्यावरचे साखळीचे दुकान १ डॉलर ३५ सेंटांना. मिठावर नफा तो किती, आणि या वाण्याने स्पर्धा कशी करावयाची?

१९३६ साली तेथे रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला होता. एकाच मालाचे निरनिराळ्या व्यापाऱ्यांना निरनिराळे दर लावून स्पर्धेला धक्का पोहोचविण्यास त्याने मनाई केली. मात्र मोठी मागणी पुरविताना खर्च खरोखरीच कमी येत असेल तर तेवढा फरक ठेवण्यास मुभा दिली. ही मुभा समंजस आहे. एका वाघिणीत भरलेला माल, एकच बिल, एकच फेरी यांत खर्च वाचतो, आणि त्या बचतीचा वाटा गिऱ्हाइकाला देणे हे सुटीचे मूळ व न्याय्य कारण होय. कंपनीचे म्हणणे, आमची सूट सर्वांना खुली होती. १९४८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. कागदावर सर्वांस खुली असलेली सूट प्रत्यक्षात लहान दुकानदाराच्या आवाक्यात नव्हती, असे न्यायालयाने म्हटले, आणि दरांतील फरक खर्चाच्या बचतीने समर्थनीय आहे हे दाखविण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली. आपल्या देशात असा कायदा जसाच्या तसा नाही. मात्र बाजारात वरचढ स्थान असलेल्या उद्योगाने भेदभावाचे दर लादू नयेत, अशी तरतूद २००२ च्या स्पर्धा अधिनियमात आहे.

ज्या टप्प्यावर पाचच पाय पडू शकतात तो टप्पा लहान गिऱ्हाइकांना दाखवावयापुरता असतो. वह्यांच्या दुकानदाराने १०,००० वह्यांचा एक टप्पा तक्त्यात घातला, तर तो कोणासाठी आहे हे साऱ्या गावाला कळते. लहानांजवळ यावर एक जुना उपाय आहे, तो म्हणजे एकत्र येणे. दहा कुटुंबांनी प्रत्येकी १२ वह्या वेगवेगळ्या घेतल्या तर प्रत्येकाला ४८० रुपये पडतील. त्यांनीच मिळून १२० चे एक मागणीपत्र केले तर एकूण ४३२० होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४३२ येतात. शाळेतील विद्यार्थी भांडार याच तत्त्वावर चालते, आणि इंग्लंडात रॉचडेल येथील कामकऱ्यांनी १८४४ साली काढलेल्या सहकारी दुकानाचे बीजही हेच. सुटीच्या मोहाने गरजेहून अधिक घेणे ही निराळी गोष्ट. आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात कपाटातल्या वह्यांना जी बुरशी येते ती शेकडा पंधरा सुटीला पुरून उरते.

काही बारीकसारीक गोष्टी राहिल्या, त्या थोडक्यात सांगतो. सुटीवर सूट दिली तर तिची बेरीज होत नाही : शेकडा १० आणि नंतर शेकडा ५ मिळून १५ होत नाहीत, १४.५ होतात, १०० चे ९० आणि ९० चे ८५.५०. संख्येची सूट, सणाची सूट आणि जुन्या गिऱ्हाइकाची सूट एकाच मागणीवर चालेल का, हे आधी ठरवावे. दर अपूर्णांकात येत असेल तर पैसे कोठे पूर्ण करावयाचे तेही ठरवावे. ३७ रुपये ५० पैशांवर शेकडा ५ सूट दिली की दर ३५.६२५ येतो, आणि प्रत्येक नगाला ३५.६३ केले तर शंभर नगांत ५० पैशांचा फरक पडतो. नवे दरपत्रक लागू होण्याची तारीख घालावी आणि तिच्या आधीच्या मागण्यांना जुनाच दर राहू द्यावा. सूट बिलावर स्पष्ट दाखवावी. २०१७ पासून लागू असलेल्या वस्तू व सेवा कराचा हिशेब अशी दाखविलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर होतो.

परत येणाऱ्या मालाचे मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. १०० वह्या ३६०० रुपयांना नेल्या आणि त्यांतील १० परत आणल्या. दुकानदाराने ३६० रुपये परत दिले तर गिऱ्हाइकाने ९० वह्या ३६ च्या दराने मिळविल्या, जो दर नव्वदांना नाहीच. नव्वदांचे खरे ३४२० होतात, म्हणून १८० च परत द्यावयास हवेत. वह्या खराब निघाल्या म्हणून परत आल्या असतील तर दोष गिऱ्हाइकाचा नाही आणि पूर्ण ३६० दिले पाहिजेत; नको झाल्या म्हणून आल्या असतील तर १८०. हा भेद यंत्राला आपणहून कळत नाही. परत घेणाऱ्याने कारण विचारून ते नोंदवावे लागते.

तक्ता भरून झाल्यावर खऱ्या गिऱ्हाइकाआधी त्याची परीक्षा घ्यावी. मधल्या संख्या बहुधा बरोबर येतात. दुखणे कड्यापाशी असते. म्हणून ४९, ५०, ९९, १००, १९९ आणि २०० अशा सहा खोट्या मागण्या भराव्यात, माल किलोने वा मीटरने विकला जात असेल तर एक साडेनव्याण्णवाची भरावी, आणि आलेल्या रकमा हाताने केलेल्या गुणाकाराशी ताडून मगच त्या पुसून टाकाव्यात.

विद्यार्थ्यांनी सोडविण्यासाठी एक उदाहरण : कंपासपेटीची किंमत २५ रुपये आहे, आणि ४० किंवा अधिक घेतल्यास सर्व पेट्यांना प्रत्येकी २२ रुपये दर लागतो. कोणकोणत्या संख्यांची मागणी शहाण्या गिऱ्हाइकाने कधीच करू नये? अशा संख्या चार आहेत.